व्हॉट्सअॅपवर आलेला लोगो फ्लेक्सवर न फाटता कसा न्यावा

शाळा, पतसंस्था, गणेश मंडळ, दूध डेअरी, कुणाचाही कार्यक्रम असो. फ्लेक्सचा मजकूर ठरतो, फोटो जमतात आणि अगदी शेवटी व्हॉट्सअॅपवर लोगो येतो. २०० बाय २०० पिक्सेलचा, कडा धुरकट, अक्षरांभोवती करडे ठिपके. तो तसाच ताणून बसवला की छापून आल्यावर फाटतो, म्हणजे कडांना पिक्सेलच्या पायऱ्या दिसतात. फोटो थोडा मऊ दिसला तर चालून जातो, पण लोगोत सरळ कडा आणि अक्षरे असतात, तिथे फाटलेपण लगेच डोळ्यांत भरते.

मूळ फाईल मिळाली तर प्रश्नच मिटला. नाही मिळाली, तर लोगो पुन्हा रेखाटणे हाच खात्रीचा मार्ग आहे. सवय नसलेल्याला एखादी दुपार लागते, पण एकदा केलेले काम त्या संस्थेला पुढे प्रत्येक छपाईत उपयोगी पडते. खाली उदाहरण म्हणून नेहमीचे गोल बोधचिन्ह धरले आहे: बाहेर दुहेरी कडे, वरच्या कमानीत संस्थेचे नाव, खालच्या कमानीत गाव आणि स्थापनेचे वर्ष, मधोमध समई.

आधी हिशेब

फ्लेक्स १० बाय ४ फुटांचा आहे आणि लोगो ३ फूट रुंद हवा आहे. ३ फूट म्हणजे ९१४ मिलिमीटर. त्यात २०० पिक्सेल पसरले तर एकेक पिक्सेल साडेचार मिलिमीटरचा चौकोन होतो.

हा चौकोन दिसेल की नाही, हे बघणारा किती लांब उभा आहे यावर ठरते. चांगली नजर साधारण एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, इतका बारकावा ओळखते. व्यवहारात अंतर फुटांत घ्या आणि ०.०९ ने गुणा, की डोळ्याला वेगळा दिसणारा सर्वांत लहान ठिपका मिलिमीटरमध्ये मिळतो. १० फुटांवरून ०.९, २० फुटांवरून १.८, ५० फुटांवरून ४.५. म्हणजे हाच लोगो इमारतीच्या गच्चीवर, ५० फूट लांब असता तर कसाबसा खपला असता. पण हॉलच्या दारातल्या फ्लेक्ससमोर लोक दहा फुटांवर उभे राहून फोटो काढतात. तिथे ९१४ भागिले ०.९, म्हणजे किमान हजारेक पिक्सेल हवेत. अक्षरांच्या धारदार कडांसाठी दुप्पट धरा.

फोटोशॉपमध्ये रिझोल्यूशनच्या चौकटीत ७२ च्या जागी ३०० लिहून काही साधत नाही. रिसॅम्पल बंद असेल तर फक्त छापायचा आकार बदलतो, चालू असेल तर मधले पिक्सेल अंदाजाने भरले जातात. कडा होती तेवढीच धुरकट राहते, फक्त रुंद होते. आणि मोठ्या फ्लेक्ससाठी सगळी फाईल ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) करण्याचा हट्टही नको. २० बाय १० फूट ३०० डीपीआयला सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत, दहा जीबीच्या वर जाते. तीच ७२ ला सुमारे ६०० एमबी होते, आणि फ्लेक्सवरच्या फोटोंना तेवढे पुरते. व्हेक्टर, म्हणजे रेषा आणि वक्रांच्या रूपात साठवलेल्या लोगोला मात्र पिक्सेलच नसतात. तो काही केबीत मावतो आणि कितीही फुटांवर तितकाच धारदार राहतो.

मूळ फाईल शोधा

रेखाटायला बसण्याआधी अर्धा तास शोधण्यात घालवा. बऱ्याचदा लोगो कुठेतरी शाबूत पडलेला असतो.

ज्याने संस्थेची पावती पुस्तके, लेटरहेड किंवा व्हिजिटिंग कार्ड केले त्या डीटीपीवाल्याकडे "लोगोची ओपन फाईल" मागा. नुसता "चांगल्या क्वालिटीचा लोगो" मागितलात तर पुन्हा जेपीजीच येईल. सीडीआर, एआय, ईपीएस, एसव्हीजी किंवा पीडीएफ यांपैकी काहीही चालेल. फाईल व्हॉट्सअॅपवरच घ्यायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवली की ती पुन्हा दाबून लहान केली जाते.

अहवालाची किंवा निमंत्रणपत्रिकेची पीडीएफ मिळाली तर ती ६४०० टक्क्यांपर्यंत मोठी करून बघा. कड धारदार राहिली तर आत व्हेक्टर आहे. ती कोरलड्रॉ किंवा इंकस्केप या व्हेक्टर रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि लोगो उचलून घ्या. वर्डच्या फाईलमध्ये लोगो असेल तर त्या फाईलची एक प्रत करा, नावातले शेवटचे डॉक्स-एक्स काढून झिप लिहा आणि उघडा. आतल्या 'वर्ड' फोल्डरमधल्या 'मीडिया'मध्ये चित्र बहुधा मूळ आकारात ठेवलेले असते. संस्थेचे संकेतस्थळ असेल तर तिथला लोगो एसव्हीजी आहे का, तेही बघा.

यांतले काहीच नाही मिळाले तर छापील लेटरहेड घ्या आणि स्कॅनरवर १२०० डीपीआयला स्कॅन करा. एक इंची लोगोचे १२०० पिक्सेल होतात, व्हॉट्सअॅपवरच्या चित्राच्या सहा पट. फक्त एक पाहा: फिकट रंग ठिपक्यांच्या जाळीने छापलेले असतात, तिथे कड खडबडीत येते. पूर्ण भरलेल्या गडद रंगाच्या कडा चांगल्या मिळतात. मोबाइलने फोटो काढलात तर वर्तुळ हमखास अंडाकृती होते, म्हणून स्कॅनरच बरा.

ट्रेस करण्याआधी चित्र तयार करा

नवशिक्यांचे सर्वाधिक नुकसान इथे होते. लहान चित्र थेट ट्रेसला, म्हणजे सॉफ्टवेअरकडून पिक्सेलवरून आपोआप व्हेक्टर रेषा काढून घ्यायला, टाकले जाते, किंवा कडा स्वच्छ दिसाव्यात म्हणून आधीच पूर्ण काळे-पांढरे केले जाते. दोन्हीत पायऱ्या पायऱ्यांची कड मिळते.

कारण असे. लहान चित्राच्या कडेवर जे करडे पिक्सेल दिसतात ते घाण नाहीत. खरी कड पिक्सेलच्या नेमक्या कुठून गेली, याची नोंद त्या करडेपणात असते. पिक्सेलचा तीस टक्के भाग आकाराने व्यापला असेल तर तो तीस टक्के गडद असतो. लहान आकारातच काळे-पांढरे केले की ही नोंद पुसली जाते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी मोठे करा, मग किंचित धूसर करा, आणि शेवटी काळे-पांढरे.

गिंप या चित्रे सुधारण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, २०० पिक्सेलचे चित्र धरून:

१. ज्या रंगाचा आकार हवा तो सर्वांत गडद दिसेल असा चॅनल, म्हणजे चित्रातला लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाचा भाग, निवडा. 'कलर्स' मेनूतल्या 'कॉम्पोनंट्स'मध्ये 'एक्स्ट्रॅक्ट कॉम्पोनंट' आहे. पांढऱ्यावर लाल असेल तर हिरवा चॅनल, पांढऱ्यावर निळा असेल तर लाल चॅनल. अनेक जेपीजींमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा निम्म्या बारकाईने साठवलेली असते, त्यामुळे जादूच्या कांडीच्या साधनाने रंग निवडून कापलेली कड नेहमी खडबडीत निघते.

२. 'स्केल इमेज'ने चित्र आठ पट, म्हणजे १६०० पिक्सेल करा. इंटरपोलेशन क्युबिक किंवा नोहेलो.

३. गॉसियन ब्लर ४ ते ६ पिक्सेल, मोठे केले त्या पटीच्या साधारण निम्म्यापासून पाऊण पटीपर्यंत. यात जेपीजीच्या आठ-आठ पिक्सेलच्या चौकोनांच्या कडा आणि अक्षरांभोवतीचे ठिपके मऊ होतात. यापेक्षा जास्त केलेत तर कोपरे गोल होतात आणि 'ष', 'क्ष' यांची पोटे बुजतात.

४. 'लेव्हल्स' उघडा. काळा टोकन (पट्टीखालचा सरकणारा त्रिकोण) ११८ च्या आसपास, पांढरा १३८ च्या आसपास आणा. कड पुन्हा धारदार होते, आणि या वेळी पायऱ्या नसतात. रेघा जाड झाल्या असे वाटले तर दोन्ही टोकन थोडे डावीकडे सरकवा, बारीक झाल्या तर उजवीकडे.

लोगोत तीन रंग असतील तर हेच तीनदा करा आणि तीन वेगळ्या फाईली ठेवा. कंटाळवाणे आहे, पण एकत्र ट्रेस केल्यावर दोन रंगांच्या सीमेवर तिसऱ्याच मळकट रंगाची कातळी येते, ती नंतर एकेक करून काढण्यापेक्षा हे सोपे.

ट्रेस

इंकस्केपमध्ये चित्र निवडा आणि 'पाथ' मेनूतला 'ट्रेस बिटमॅप' घ्या. सिंगल स्कॅन, ब्राइटनेस कटऑफ, मर्यादा ०.५ च्या जवळ. १६०० पिक्सेलच्या चित्राला 'स्पेकल्स' ३० पर्यंत वाढवले की किरकोळ ठिपके आपोआप गळतात, पण अनुस्वार गळला नाही ना, ते लगेच तपासा. 'स्मूथ कॉर्नर्स' कमाल १.३४ पर्यंत जाते. चौकोनी कोपरे असलेल्या लोगोला ते कमी ठेवा.

कोरलड्रॉमध्ये हेच काम 'बिटमॅप्स', 'आउटलाइन ट्रेस', 'लोगो' या वाटेने होते. आधी जास्तीत जास्त बारकावा घेऊन बघू नका. बारकावा जितका वाढवाल तितकी ट्रेस चित्रातल्या चुकांची नक्कल करते. रंगांची संख्या लोगोत खरोखर आहेत तेवढीच ठेवा.

आता नोड, म्हणजे वक्राला आकार देणारे बिंदू, मोजा. वर्तुळाला चार नोड पुरतात. ट्रेसमधून आलेल्या वर्तुळाला तीस-चाळीस असतात, आणि त्या प्रत्येकाशी कड किंचित हलते. दोन इंचांत हे कळत नाही, तीन फुटांत वर्तुळ खाल्लेल्या भाकरीसारखे दिसते. म्हणून ट्रेस हा आराखडा समजा. त्यातले जे भौमितिक आहे ते सगळे काढून टाका आणि साधनांनी नव्याने काढा.

हाताने रेखाटणे

मूळ चित्र सर्वांत खालच्या लेयरवर ठेवा, अपारदर्शकता ४० टक्के करा आणि लेयर लॉक करा. ट्रेस त्यावरच्या लेयरवर असू द्या, रेखाटन सगळ्यात वर.

बाहेरचे दुहेरी कडे एलिप्सच्या साधनाने काढा, कंट्रोल दाबून, म्हणजे नेमके वर्तुळ येते. सगळ्या वर्तुळांचा मध्यबिंदू एकच आहे, याची अलाइनने खात्री करा. मूळ चित्रात केंद्र अर्धा पिक्सेल सरकलेले दिसत असेल तर त्याचे अनुकरण करू नका.

समईसारखी डावी-उजवी सारखी आकृती असेल तर अर्धीच काढा, आरसा प्रत घ्या आणि दोन्ही वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच आकार करा. पेन किंवा बेझिए साधनाने काढताना नोड वळणाच्या टोकांवर द्या: सर्वांत वर, सर्वांत खाली, सर्वांत डावीकडे, सर्वांत उजवीकडे. तिथले हँडल, म्हणजे नोडमधून निघणारे वळण ठरवणारे दांडे, आडवे किंवा उभे सरळ ठेवा. समईच्या खांबाची प्रत्येक कडी दोन-तीन नोडांत होते. वक्र हलल्यासारखा वाटला तर नोड वाढवायचा मोह होतो. उलट एक नोड काढून बघा, बहुतेक वेळा वक्र सुधारतो.

मूळ चित्रात समईच्या ज्योती म्हणजे चार-पाच पिक्सेलचे पुंजके असतील, तर त्या खऱ्या कशा होत्या हे चित्रातून कळणार नाही. तिथे संस्थेतल्या जुन्या माणसाला विचारा किंवा रबरी शिक्का, जुनी पाटी, पहिला अहवाल बघा.

देवनागरी अक्षरे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ट्रेसमध्ये शिरोरेखा नागमोडी होते, अनुस्वार बटाट्यासारखे होतात, रफार आणि मात्रा शिरोरेषेला चिकटून एकच गाठ बनते. ही अक्षरे दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही.

अक्षर छापील फाँटचे असेल तर तो फाँट शोधा आणि मजकूर पुन्हा टाइप करा. 'अ', 'झ', 'ल', 'श' आणि मराठी अंकांतला '९' यांची वळणे जुळवून बघितली की फाँट लवकर ओळखू येतो. डीटीपी केंद्रातल्या जुन्या कामात श्रीलिपीचे फाँट असण्याची शक्यता मोठी. मुक्त फाँटांमध्ये मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू, शिवाय नोटो सान्स देवनागरी हे आधी तपासा. नेमका फाँट मिळाला नाही तर जवळचा घेऊन कर्व्हमध्ये (टाइप केलेल्या मजकुराऐवजी नुसत्या रेखाकृतीत) बदला आणि वेगळी वळणे नोड हलवून जुळवा. पण अक्षर एखाद्या पेंटरने हाताने काढलेले असेल तर तिथे फाँट लावू नका. त्या अक्षरांवरूनच लोक संस्था ओळखतात. ती समईसारखीच पेनने रेखाटा.

कमानीतल्या मजकुराची वेगळीच अडचण आहे. मजकूर वर्तुळावर चढवला की सॉफ्टवेअर अक्षरांचे तळ वर्तुळावर टेकवते आणि प्रत्येक अक्षर थोडे फिरवते. वरच्या कमानीत अक्षरांचे माथे बाहेर, मोठ्या परिघावर जातात, म्हणून शिरोरेखा तुटते. खालच्या कमानीत माथे केंद्राकडे येतात आणि शिरोरेखा एकमेकींवर चढतात. शिवाय प्रत्येक तुकडा सरळ असल्यामुळे गोलाऐवजी बहुभुज दिसतो. उपाय असा: मजकूर कर्व्हमध्ये बदला, अक्षरांवरचे शिरोरेषेचे तुकडे ट्रिम करा, त्याच जाडीची खरी वर्तुळाकार पट्टी त्या जागी बसवा आणि शब्दांमध्ये फट ठेवून सगळे वेल्ड करा. दोन अक्षरांमधली अंतरे शेवटी डोळ्यांनी जुळवा.

वेल्ड करणे टाळू नका. फाँटमधली देवनागरी अक्षरे शिरोरेषेवर एकमेकांत थोडी शिरलेली असतात. फ्लेक्सवर ते दिसणार नाही, पण तीच फाईल विनाइल कटिंगला गेली की प्लॉटर प्रत्येक सांध्यावर पाते फिरवतो आणि शब्दाचे तुकडे होतात. बाह्यरेषा लावली तर प्रत्येक सांध्यावर उभी रेघही येते.

एआयने मोठे करावे का

अपस्केलसारखी मोफत साधने फोटोंसाठी उपयोगी आहेत. लोगोत संस्थापकांचा फोटो असेल तर तेवढा भाग त्यातून काढून घ्या. अक्षरांना मात्र ही साधने लावू नका. ती मधली माहिती कल्पनेने भरतात, आणि आठ पिक्सेल उंचीच्या 'क्ष'चे काय होईल याचा भरवसा नाही. लांबून बरोबर वाटणारे, वाचायला गेले तर कोणतेच अक्षर नसलेले आकार तयार होतात, आणि घाईत ते तसेच छापले जातात.

रंग

रंग उचलताना आकाराच्या मधोमध आयड्रॉपर लावा, कडेला नाही. संगणकावरचा झगझगीत भगवा, पोपटी किंवा शाई-निळा सीएमवायकेमध्ये तसाच येत नाही, हे संस्थेला आधीच सांगून ठेवा. निळ्यात मजेंटा सायनच्या जवळ गेला की तो जांभळा छापतो. दोघांत किमान ३० टक्क्यांचे अंतर ठेवा. मोठ्या काळ्या भागाला नुसता के १००, म्हणजे फक्त काळी शाई, राखाडी वाटतो. सायन ६०, मजेंटा ४०, पिवळा ४०, काळा १०० हे मिश्रण वापरतात. इंकस्केप मुळात आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीत, काम करते, त्यामुळे सीएमवायकेचे आकडे वेगळे लिहून द्या.

छापायला देण्याआधी

मजकूर कर्व्हमध्ये बदला: कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू. त्यानंतर बाह्यरेषाही आकारात बदला: कंट्रोल-शिफ्ट-क्यू. इंकस्केपमध्ये 'स्ट्रोक टू पाथ'. हे राहिले तर दोन इंची लोगोला दिलेली एक पॉइंटची रेघ तीन फुटांवरही एकच पॉइंट राहू शकते, आणि दुहेरी कडे दिसेनासे होते.

बारीक रेघा तपासा. तीस फुटांवरून बघायच्या फलकावर तीन मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ वाया जाते. गडद भागातली पांढरी रेघ शाई पसरून आणखी बारीक होते, ती थोडी जाड ठेवा. फ्लेक्सची कड दुमडून तिथे रिंगा मारतात, म्हणून लोगो कडेपासून चार इंच तरी आत असू द्या.

पीडीएफचे पान सहसा २०० इंचांपर्यंत, म्हणजे १६ फूट ८ इंच. त्यापेक्षा मोठा फलक एकास दहा प्रमाणात करा आणि फाईलच्या नावातच ते प्रमाण लिहा. फ्लेक्सच्या दुकानांत कोरलड्रॉची जुनी आवृत्ती असते, तेव्हा कोणती आहे ते विचारून त्या आवृत्तीत सेव्ह करा आणि सोबत पीडीएफ द्या.

मग साध्या प्रिंटरवर लोगोचा एक तुकडा खऱ्या मापात, १०० टक्के आकाराला, ए-४ वर छापा. शिरोरेखा आणि एखादे जोडाक्षर त्यात येईल असा भाग निवडा. भिंतीला चिकटवा आणि लोक जिथून बघतील तेवढ्या अंतरावर जाऊन बघा. त्याच कागदावर एक इंची पूर्ण लोगोही छापून घ्या, व्हिजिटिंग कार्डावर काय बुजेल ते तिथेच कळते.

प्रायोजक बँकेचा किंवा कंपनीचा लोगो मात्र स्वतः रेखाटू नका. त्यांच्या शाखेतून मूळ फाईल मागवा, त्यांचे रंग आणि मापे ठरलेली असतात. अशोकस्तंभाची राजमुद्रा तर २००५ च्या कायद्याने संरक्षित आहे, परवानगीशिवाय ती फलकावर घेता येत नाही.

काम झाल्यावर संस्थेला एकच फोल्डर द्या: सीडीआर किंवा एसव्हीजी, पीडीएफ, पारदर्शक पार्श्वभूमीचे ३००० पिक्सेलचे पीएनजी, एका रंगातली आवृत्ती आणि सीएमवायकेचे आकडे लिहिलेली मजकूर फाईल. हे फोल्डर संस्थेच्या ईमेलवर जोडून पाठवा, म्हणजे पदाधिकारी बदलले तरी ते संस्थेकडेच राहील.